आधी कांडी, मग लेथ

(लाकूड आणि धातूचे तुकडे जोडून पेनाची कांडी कशी करायची, या विषयावर महासंघाच्या कौशल्य मेळाव्यात झालेलं मार्गदर्शन. ज्या मैत्रिणींना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



सुरगाणा, पेठ, दिंडोरी, निफाड, येवला, कुठून कुठून तुम्ही आलात. कुणी शेतीची कामं मागे ठेवून आल्या, कुणी लेकरं सासूबाईंकडे सोपवून आल्या. म्हणून वेळ न घालवता थेट कामाचं बोलते.

गेल्या काही दिवसांत तीन-चार गटांतून एकच प्रश्न आला. “ताई, लाकडी पेनं करायचं मशीन घ्यायचंय, गटातून कर्ज उचलू का?” माझं उत्तर आज सगळ्यांसमोर देते. मशीन आत्ता घेऊ नका. आधी कांडी करायला शिका, ती विकून बघा, हिशेब मांडा. लेथ त्याच्या नंतर. गटाचा पैसा म्हणजे दर महिन्याला साठवलेली आपली बचत. तो मशीनमध्ये अडकला आणि मशीनवर गोणपाट पडलं, तर हप्ता काही थांबत नाही.

कांडी म्हणजे काय

लाकडी पेन लेथवर फिरवून, म्हणजे कातून करतात. कातायच्या आधी जो चौकोनी तुकडा लागतो त्याला कारागीर ‘ब्लँक’ म्हणतात. आपण त्याला कांडी म्हणू. साधारण २ सेंटिमीटर रुंद, २ सेंटिमीटर जाड आणि १३ सेंटिमीटर लांब. खडूच्या खोक्यापेक्षा थोडी लांब आणि बरीच सडपातळ अशी समजा.

एकाच लाकडाची कांडी कुणीही कापतं. पण दोन रंगांची लाकडं आणि मध्ये पितळेचा किंवा तांब्याचा पातळ पत्रा असे तुकडे जोडून केलेली कांडी कातली, की पेनावर सोन्यासारखी बारीक कडी उमटते. ती वरून रंगवलेली नसते, आरपार असते. घासली तरी जात नाही. अशा पेनाला जास्त भाव मिळतो, आणि नुसती कांडीसुद्धा पेन करणाऱ्या कारागिरांना विकता येते. ज्याच्याकडे लेथ आहे त्याला असं जोडकाम करत बसायला वेळ नसतो. आपल्याला जागा तिथेच आहे.

दुसरं म्हणजे हे काम गोधडीच्या जातीचं आहे. गोधडीला नवं कापड लागत नाही, चिंध्या लागतात. या कांडीला मोठी फळी लागत नाही, तीन-चार सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. सुतार जे चुलीत घालतो, ते आपल्याला कच्चा माल म्हणून चालतं.

कातकाम आपल्याला परकं नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि फळं, पोळपाट-लाटणं, पाळण्याचे खांब, हे सगळं कातलेलंच. पेनाचंही तसंच आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीला रत्नम यांनी १९३०च्या दशकात हातानं कातलेली स्वदेशी पेनं करायला सुरुवात केली, आणि ते नाव अजून चालतं. छोट्या जागेत, हाताच्या कामावर पेनाचा धंदा उभा राहतो हे त्यावरून दिसतं.

लाकूड कोणतं, आणि कुठून

आपल्या जिल्ह्यात लाकडाला तोटा नाही. साग सोनेरी-तपकिरी. बाभूळ लालसर आणि कडक. चिंचेचा गाभा काळपट-जांभळा, बाहेरचं लाकूड पिवळसर. आंबा फिकट. जांभूळ राखाडी-तांबूस. एक फिकट आणि एक गडद अशी जोडी निवडा, म्हणजे मधली धातूची रेघ उठून दिसते.

निफाड-दिंडोरीच्या मैत्रिणींसाठी खास गोष्ट. जुनी द्राक्षबाग काढतात तेव्हा वेलींची खोडं ढिगानं निघतात. ती वाकडी असतात, सुकताना चिरतात, म्हणून अख्खी कांडी त्यातून क्वचितच निघते. पण आपल्याला छोटे तुकडे हवेत, आणि तेवढा सरळ भाग जाड खोडात मिळतो. नाशिकच्या द्राक्षवेलीचं लाकूड असलेलं पेन म्हटलं, तर वायनरी बघायला येणारा पाहुणा ते हातात घेऊन बघणारच. फक्त एक काळजी घ्या. त्या वेलींवर वर्षानुवर्षं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण आणि इतर औषधं फवारलेली असतात. साल घराबाहेर, तोंडाला मास्क लावून काढा, आणि ती साल चुलीत घालू नका.

आता सुरगाणा-पेठच्या मैत्रिणींनी नीट ऐका. जंगलातलं लाकूड आणायचं नाही. सागासारखं झाड स्वतःच्या बांधावर असलं तरी ते तोडायला परवानगी लागते, आणि तोडलेलं लाकूड हलवायला वनखात्याचा वाहतूक पास लागतो. आपल्याला तोडायची गरजच नाही. सुताराकडून किंवा वखारीतून उरलेले तुकडे घ्या, आणि साध्या कागदावर का होईना, पावती घ्या. उद्या सरसच्या स्टॉलवर कुणी विचारलं तर दाखवायला कागद हवा. शिसवीच्या बाबतीत तर जास्तच. शिसव परदेशात पाठवायची तर वेगळी कागदपत्रं लागतात, म्हणून सुरुवातीला शिसव नकोच. तिची भुकटीही काही जणींच्या अंगावर उठते, शिंका आणि खाज सुरू होते.

लाकूड सुकलेलं पाहिजे. ओलं लाकूड जोडलं तर ते पुढे आकसतं आणि सांधा सुटतो. ओल मोजायचं यंत्र नसलं तरी चालेल. वजनकाटा घ्या, स्वयंपाकघरातला डिजिटल असला तर उत्तम. तुकड्यावर पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहा. दर आठवड्याला वजन करा. वजन कमी होत जाईल आणि एक वेळ अशी येईल की लागोपाठ दोन-तीन आठवडे ते तेवढंच राहील. मग ते लाकूड तयार. सावलीत, हवेशीर जागी सुकवा. उन्हात टाकलं की ते टोकांकडून चिरतं.

धातू कोणता

नाशिकची तांब्यापितळेची भांडी पूर्वीपासून नावाजलेली. १८८३च्या सरकारी गॅझेटियरमध्येसुद्धा त्या कामाची नोंद आहे. आजही जुन्या नाशकात भांडी बाजार आहे, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून पत्र्याचे तुकडे भंगारात निघतात. पितळ किंवा तांब्याचा पत्रा अर्धा मिलिमीटर जाडीचा मागा. दुकानदार गेज विचारेल, २४ गेज सांगा.

एक फूट लांब, एक फूट रुंद पत्र्यातून २ सेंटिमीटरचे चौकोन काढले तर कागदावर २२५ होतात. कापण्यातली नासधूस धरून २०० धरा. एका कांडीला दोन चौकोन, म्हणजे शंभर कांड्यांचा पत्रा एका फुटात. तेव्हा पहिल्याच दिवशी पाच किलो पत्रा आणू नका.

लोखंड आणि पोलाद वापरायचं नाही. हिरडा लोखंडी विळीनं कापला की काळा पडतो ना? तसंच साग-बाभळीतला तुरटपणा लोखंडाशी लागला की लाकडावर काळे डाग येतात. शिवाय लाकूड कातायच्या हत्यारांची धार पोलादावर लगेच जाते. ॲल्युमिनियम चालतं, पण घासताना त्याची काळी भुकटी निघते आणि आंब्यासारख्या फिकट लाकडात भरते. म्हणून ॲल्युमिनियम घ्यायचं तर गडद लाकडाबरोबर घ्या.

सांधा कसा भरायचा

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही कांडी तुटली तर सांध्यातच तुटते. त्याचं कारण समजून घ्या. लाकडाच्या आत उभ्या नळ्या असतात, त्यांतून झाड पाणी ओढतं. आपण लाकूड आडवं कापलं की त्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात. त्यावर गोंद लावला की नळ्या तो पिऊन टाकतात आणि सांध्यात गोंदच उरत नाही. दुसऱ्या बाजूला धातू असतो. तो तर काहीच पीत नाही, गुळगुळीत असतो. एक जास्त पिणारा, दुसरा अजिबात न पिणारा, अशा दोघांना आपल्याला धरून ठेवायचंय.

म्हणून क्रम पाळा.

पहिलं, काप सरळ हवा. फळ्यांची छोटी पेटी करून तिच्यात करवतीसाठी खाच पाडा, म्हणजे करवत इकडे-तिकडे जात नाही. कापलेल्या तोंडाला गुण्या लावून बघा. मध्ये उजेड दिसला तर सपाट काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्यावर तोंड घासा. कापताना तुकड्यांना १, २, ३ असे नंबर घाला, म्हणजे जोडताना लाकडाच्या रेषा जुळतात.

दुसरं, पत्रा सपाट हवा. कात्रीनं कापला की कडा वर उचलल्या जातात. त्या कानसीनं घासून काढा. मग दोन्ही बाजू १२० नंबरच्या पॉलिशपेपरनं खरखरीत करा. चकचकीत पत्र्याला गोंद धरत नाही. चकाकी आपल्याला फक्त कडेला हवी, आणि ती कातल्यावर आपोआप येते. घासल्यावर पत्रा थिनरनं पुसा आणि त्यानंतर त्याला बोट लावू नका. बोटाचं तेलही सांधा सोडवतं. साग वापरत असाल तर सागाचं तोंडही थिनरनं पुसा, कारण साग तेलकट आहे. थिनर चुलीपासून, गॅसपासून लांब, दारं-खिडक्या उघडून वापरायचा.

तिसरं, गोंद. फेविकॉल लाकडाला लाकूड उत्तम जोडतो, पण धातूला धरत नाही. फेविक्विक धरतो, पण तो काचेसारखा कडक होतो आणि धक्क्यानं सुटतो. आपल्याला हवा दोन नळ्यांचा अराल्डाइट, तोही हळू सुकणारा, रात्रभर घेणारा. पाच मिनिटांत सुकणारा या कामाला नको. दोन्ही नळ्यांतलं सारखं सारखं घ्या आणि पूर्ण दोन मिनिटं घोटा. अर्धवट घोटलेला अराल्डाइट चिकट राहतो आणि कधीच कडक होत नाही. हातात मोजे घाला.

चौथं, लावायची रीत. आधी लाकडाच्या दोन्ही तोंडांवर पातळ थर द्या आणि दहा मिनिटं थांबा. लाकूड काय प्यायचं ते पिऊ दे. मग दुसरा थर द्या, पत्र्यालाही लावा आणि मग जोडा.

पाचवं, दाब. दोन फळ्या काटकोनात ठोकून लांब पन्हाळीसारखा साचा करा. आत सेलोटेप चिकटवा, म्हणजे कांडी साच्याला चिकटणार नाही. तुकडे त्यात ओळीनं ठेवून दोन्ही टोकांकडून हलका दाब द्या. इथे अनेकींचा हात जड पडतो. अराल्डाइटला जोराचा दाब नको. जोरात आवळलं की सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. सांध्याभोवती गोंदाची बारीक रेघ बाहेर आली की थांबायचं. मग पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. थंडीच्या दिवसांत निफाडच्या बाजूला तर दोन दिवस.

हात बसला की काप थोडा तिरका घ्या. तिरक्या कापात गोंदाला जागा जास्त मिळते, सांधा घट्ट होतो, आणि कातल्यावर सरळ कडीच्या जागी वळणदार कडी उमटते. पण सुरुवात सरळ कापानंच.

भोक आणि नळी

पेनाच्या आत पितळेची नळी असते. सुटे भाग, म्हणजे टोक, क्लिप, रिफील आणि नळ्या, यांचा सेट तयार मिळतो. साध्या बारीक पेनाच्या सेटला ७ मिलिमीटरचं भोक लागतं आणि दोन नळ्या असतात. म्हणून कांडी मध्ये कापून दोन भाग करायचे. प्रत्येक भाग नळीपेक्षा थोडा लांब ठेवायचा. कोणता सेट वापरायचा ते आधी ठरवा, नळी हातात घेऊन मोजा, मगच भोक पाडा.

भोक पाडताना कांड्या सगळ्यात जास्त तुटतात, कारण ड्रिल गरम होतं. धातूचा थर ती उष्णता धरून ठेवतो आणि गरमीनं अराल्डाइट मऊ पडतो. म्हणून ड्रिलचा वेग कमी ठेवा आणि बिट धारदार घ्या. अर्धा सेंटिमीटर आत गेलं की बिट बाहेर काढा, भुसा झटका, पुन्हा आत घाला. पत्र्याचा थर लागला की आवाज बदलतो. तिथे हात अगदी हलका करा. कांडी हाताला गरम लागली तर दहा मिनिटं बाजूला ठेवा, दुसरी घ्या. दहा कांड्या आळीपाळीनं केल्या तर वेळही जात नाही. कांडी हातात धरून भोक पाडायचं नाही, शिकंज्यात धरूनच. बेंच ड्रिल नसेल तर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून मजुरीनं करून घ्या, पण त्याच्या शेजारी उभं राहून, “दादा, सावकाश” म्हणत.

नळी बसवताना तिचीही चकाकी पॉलिशपेपरनं घालवायची. नळीत गोंद जाऊ नये म्हणून सोपा उपाय आपल्या घरातच आहे. कच्च्या बटाट्याची जाड चकती घ्या, नळीचं टोक त्यात दाबा. टोकात बटाट्याचं बूच बसतं. मग बाहेरून अराल्डाइट लावून नळी गोल फिरवत आत सरकवा, म्हणजे गोंद सगळीकडे पसरतो. सुकल्यावर बूच काढा. ही नळी म्हणजे पेनाचा कणा. एकदा ती आतून सगळ्या तुकड्यांना धरून बसली की सांध्यांवरचा ताण कमी होतो.

घाण्याची परीक्षा

एका वेळी केलेल्या कांड्यांना आपण एक घाणा म्हणू. प्रत्येक घाण्यातली एक कांडी नळी बसवण्याआधी मुद्दाम मोडायची. जीव कासावीस होतो, पण मोडायची. शिकंज्यात धरून वरून वाकवा आणि कुठे तुटली ते बघा. सांध्याशेजारचं लाकूड फाटलं आणि पत्र्यावर लाकडाच्या काड्या चिकटून राहिल्या, तर घाणा पक्का. पत्रा स्वच्छ, जसाच्या तसा सुटून आला, तर पत्रा नीट घासला किंवा पुसला गेला नव्हता. गोंद बोटाला चिकट लागला, तर घोटण्यात कमी पडलं. अशा घाण्यातली एकही कांडी विकायची नाही. तुटलेलं पेन गिऱ्हाइकाच्या हातात गेलं की पुढचं गिऱ्हाईक जातं, आणि नाव एका बाईचं खराब होत नाही, सगळ्या गटाचं होतं.

नळी बसवलेली एक कांडी दिवसभर उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवून बघा, आणि एक कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाका. शाळेच्या मास्तरांच्या खिशातून पेन असंच पडतं.

लेथवर जाताना

ज्यांना पुढे कातकाम शिकायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात. धातूचा थर असला की हत्याराला दर थोड्या वेळानं धार लावायची, आणि एका वेळी केसाएवढीच साल काढायची. घाई केली की हत्यार पत्र्याच्या कडेत अडकतं आणि कांडीचे तुकडे उडतात. घासताना पितळेची भुकटी लाकडात भरते, म्हणून मध्ये मध्ये कोरड्या ब्रशनं झटका, आणि शेवटचा हात लेथ बंद करून उभा, लांबीच्या दिशेनं मारा. मग पॉलिश. पॉलिशचा थर नीट बसला नाही तर पितळ काळवंडतं, आणि पावसाळ्यात लाकूड फुगतं पण धातू फुगत नाही, त्यामुळे कडीची कड बोटाला लागू लागते.

आणि आता जे सांगते त्यावर हसू नका. लेथसमोर पदर, ओढणी, मोकळी वेणी, हातभर बांगड्या आणि लोंबतं मंगळसूत्र चालत नाही. पदर कमरेला खोचला तरी चालत नाही, तो सुटतो. फिरणाऱ्या यंत्राला कापडाचं टोक सापडलं की ते माणसाला आत ओढतं, हात सोडवायला वेळ मिळत नाही. अंगालगत बाह्यांचा ड्रेस, वरून एप्रन, केसांचा घट्ट अंबाडा, डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क. हातमोजे गोंद लावताना घालायचे, लेथवर मात्र कधीच नाही, तेही ओढले जातात. मंगळसूत्र आणि बांगड्या काढून डबीत ठेवायच्या आणि काम झालं की घालायच्या. घरात कुणी कुरकुर केली तर सांगा, सैल कपडे घालून लेथवर कारखान्यातल्या माणसालाही उभं राहू देत नाहीत. हा नियम बाईसाठी वेगळा नाही, यंत्रासमोर सगळे सारखे.

हिशेब

आता वही उघडा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, रीत समजावी म्हणून घेतलेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

समजा, वीस कांड्यांचा घाणा केला. लाकडाचे तुकडे १०० रुपये, पत्रा १००, अराल्डाइट २४०, करवतीचं पातं, बिट आणि पॉलिशपेपर यांची झीज १००, वीज २०. झाले ५६० रुपये. बहुतेक जणी इथेच थांबतात. ५६० भागिले २०, म्हणजे कांडी २८ रुपयांना पडली, ४० ला विकू, १२ रुपये सुटतील.

पण दोन गोष्टी राहिल्या. एक, वीस कांड्यांपैकी एक परीक्षेला मोडली, तीन भोक पाडताना गेल्या. विकायला उरल्या १६. दुसरी, तुमची मजुरी. एका कांडीला सगळं मिळून अर्धा तास धरला तर वीस कांड्यांना दहा तास. तासाला ५० रुपये धरले तर ५००. आता एकूण खर्च १,०६०, आणि भागायचं १६ नं. एक कांडी ६६ रुपये २५ पैशांना पडली.

म्हणजे ४० रुपयांना १६ कांड्या विकल्या तर हातात आले ६४०. साहित्याचे ५६० वजा केले की उरले ८०. दहा तासांच्या कामाचे ८० रुपये. तासाला ८ रुपये. निंदायला गेलं तरी यापेक्षा जास्त मिळतात. तरी बाई म्हणते, “घरबसल्या काहीतरी सुटतंय ना.” मैत्रिणींनो, ते सुटत नाही, तो आपल्या अंगातून जाणारा तोटा आहे. आपली मजुरी लिहिली नाही म्हणून तो वहीत दिसत नाही, एवढंच.

पेन पूर्ण केलं तर? कांडी ६६, सेट समजा १२०, कातणं आणि पॉलिश एक तासाचे ५०, पिशवी किंवा डबी १५. झाले २५१. त्यावर प्रदर्शनाचा प्रवास आणि राहणं धरा, बिघडलेली पेनं धरा, मग भाव ठरवा. “एवढं महाग कोण घेईल?” असं आधीच म्हणू नका. निवृत्तीचा निरोप, शिक्षक दिन, बँकेतल्या साहेबांचा सत्कार, लग्नातलं आहेर-मान, इथे शाल-श्रीफळाबरोबर असं पेन शोभतं. मुंबईचं महालक्ष्मी सरस आहे. २०२७च्या सिंहस्थाला नाशिक-त्र्यंबकला बाहेरून माणसं येणार आहेत. पण त्यांच्यासमोर ठेवायला माल हवा तर हात आत्ता बसवायला हवा.

मशीन कधी

लागोपाठ तीन घाणे परीक्षेत पास झाले, निदान पन्नास कांड्या किंवा पेनं रोख पैशात विकली गेली, आणि वहीत मजुरी धरूनही शिल्लक दिसली, की मग मशीनचा ठराव ग्रामसंघात आणा. तेव्हाही एका गटाला एक लेथ नको. तीन-चार गटांत मिळून एक घ्या, आणि वापराचं भाडं तासावर ठरवा. त्या भाड्यातून हप्ता जायला हवा.

ज्या मैत्रिणी आधीपासून हातानं सुतारकाम किंवा खेळणी करतात, त्यांनी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी सीएससी केंद्रात जरूर करावी. तिच्यातल्या १८ व्यवसायांत सुतार आणि पारंपरिक खेळणी करणारे आहेत. प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजानं पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, अशी ती रचना आहे. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, म्हणून घरात आधी ठरवा की नाव कुणाचं जाणार. काम तुम्ही करत असाल तर नाव तुमचं जाऊ द्या.

पुढच्या बैठकीला

प्रत्येक गटानं तीन गोष्टी आणायच्या. एक, दोन वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे, त्यांवर तारीख आणि वजन लिहिलेलं. दोन, गावातला सुतार, भंगारवाला आणि फॅब्रिकेशनवाला यांच्याकडचे भाव, कागदावर लिहून. तीन, गटातल्या अशा दोघी, ज्यांचा हात सावकाश आहे. चपळ नको, सावकाश. या कामात जी थांबू शकते तिचा सांधा टिकतो.

करवत, साचा आणि अराल्डाइट महासंघ आणेल. त्या दिवशी प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं एक कांडी जोडायची, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हातानं मोडून बघायची.